घाम, ताप आणि टक्केवारी

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. लिहायला बसलो की चिडचिड व्हायची. चिडून लिहिलेलं दुसऱ्या दिवशी स्वतःलाच वाचवत नाही, म्हणून खोडून टाकायचो. पण मागच्या महिन्यात दौंडला एका लग्नात (भर दुपारचा मुहूर्त, वर पत्र्याचा मांडव) जे ऐकलं त्यानंतर ठरवलं, की चिडून तर चिडून, पण लिहायचंच.

झालं असं, की माझा मामेभाऊ पंगतीतून उठला आणि दोन पावलांवर मटकन खाली बसला. चेहरा पांढराफटक, सदरा घामाने चिंब. आम्ही त्याला आडवं केलं, पाय जरा वर घेतले, पाणी दिलं. दहा मिनिटांत गडी बरा झाला. तेवढ्यात मागे बसलेले एक वडीलधारे पाहुणे शेजारच्याला म्हणाले, "अपघाताला तीन वर्षं होऊन गेली की. आता कसलं चक्कर न् काय. बसून खायची सवय लागलीय."

तर हा लेख त्या पाहुण्यांसाठी आहे. आणि खरं सांगायचं तर दोन वर्षांपूर्वीच्या माझ्यासाठीसुद्धा. तेव्हा माझ्याही मनात हेच यायचं, फक्त मी ते बोलून दाखवत नव्हतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमचं गाव दौंड तालुक्यात, मामाचं शिरूर तालुक्यात. मध्ये भीमा. न्हावऱ्याहून चौफुल्याला येणारा रस्ता पारगावजवळ नदी ओलांडतो, तोच आमचा लहानपणापासूनचा मामाच्या गावाला जायचा रस्ता. गळीत हंगामात या रस्त्यावर संध्याकाळनंतर कशी परिस्थिती असते हे इकडच्या माणसाला सांगायला नको. उसाने शिगोशीग भरलेल्या डबल ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. एखादी पंक्चर झाली की तशीच निम्म्या रस्त्यावर उभी, आणि खूण म्हणून मागे चार दगड. मामेभाऊ रांजणगावच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगार होता. जानेवारीतल्या एका संध्याकाळी आमच्याकडे येत असताना तो अशाच एका उभ्या ट्रॉलीला मागून धडकला. हेल्मेट घरी खुंटीला होतं. ("इथल्या इथं तर जायचंय" हे वाक्य आमच्या दोन तालुक्यांत किती जणांचं शेवटचं वाक्य ठरलं असेल, कुणास ठाऊक.)

पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात त्याचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा एका हॉस्पिटलचा नाही. ऑपरेशन चांगलं झालं, जीव वाचला, त्याबद्दल त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. मला जे सांगायचंय ते त्यानंतरचं आहे.

दहाव्या-बाराव्या दिवशी झोपेची औषधं कमी करायला सुरुवात झाली आणि एक विचित्र प्रकार सुरू झाला. तो बेशुद्धच होता. पण दिवसातून पाच-सहा वेळा अचानक त्याच्या नाडीचे ठोके १४० च्या पुढे जायचे, श्वास धापा टाकल्यासारखा चालायचा, बीपी चढायचं, ताप १०३ पर्यंत जायचा, हातपाय लाकडासारखे ताठ व्हायचे आणि घाम तर असा, की चादर पिळावी. पंधरा-वीस मिनिटं हे चालायचं आणि जसं आलं तसं निघून जायचं. मामी बाहेर आली की मला विचारायची, "आरं, त्याला सपान पडतंय का रं? का कोण दिसतंय त्याला?"

आम्हाला सांगण्यात आलं, की इन्फेक्शन आहे. तपासण्या झाल्या, काही सापडलं नाही. अँटिबायोटिक बदललं. पुन्हा तपासण्या, पुन्हा नवं अँटिबायोटिक, आधीच्यापेक्षा महाग. मग म्हणाले फिट असेल. मेंदूचा आलेख काढला, त्यातही काही नाही. तिकडे गावाकडून एकाने अंगारा आणला. हसू नका. ज्याला डॉक्टर नाव देत नाहीत त्याला देवऋषी नाव देतो, हा आपल्याकडचा नियम आहे.

आता, हे काय होतं ते सांगतो. मी डॉक्टर नाही, पुण्यात नोकरी करणारा साधा माणूस आहे. पण तीन वर्षं या एका विषयामागे लागून जे वाचलं आणि डॉक्टरांना विचारून जे समजलं, त्यावर बोलतोय.

आमच्या भागातल्या माणसाला सिंपथेटिक मज्जासंस्था समजावून सांगायला पुस्तक लागत नाही. शेतीची वीज रात्रीची असते. हातात बॅटरी घेऊन तुम्ही मोटार चालू करायला निघालात, आणि उसाच्या कडेला दहा फुटांवर दोन डोळे चमकले. बिबट्या! पुढच्या एका सेकंदात काय होतं? छाती धडधडते, श्वास वाढतो, अंगावर काटा येतो, घाम फुटतो, तोंडाला कोरड पडते, अंग ताठतं. यातलं काहीही तुम्ही ठरवून केलेलं नसतं. शरीर स्वतःच पळायची किंवा झुंजायची तयारी करतं. ही सिंपथेटिक. मग तुम्ही कसेबसे घरी येता, ओट्यावर बसता, तांब्याभर पाणी पिता, आणि हळूहळू सगळं जागेवर येतं. ही तिची जोडीदार, पॅरासिंपथेटिक. दोन्ही मिळून स्वायत्त मज्जासंस्था. नाडी, रक्तदाब, श्वास, घाम, अंगाची ऊब, आतडी, लघवी, सगळा कारभार तिच्याकडे आणि आपल्याला पत्ताही नाही. शाळेत आपण 'मस्तिष्कपुच्छ' असा शब्द पाठ केला होता, आठवतंय? तिथे आणि त्याच्या वर हायपोथॅलॅमस नावाच्या बोटाच्या पेराएवढ्या भागात या कारभाराच्या कचेऱ्या आहेत.

डोकं वेगाने जाऊन आदळतं तेव्हा फक्त कवटी फुटते किंवा रक्तस्राव होतो असं नाही. आतला मेंदू झटक्याने पिळवटला जातो आणि एका भागाचा दुसऱ्याशी संबंध ठेवणारे लांबच लांब तंतू ताणले जातात, तुटतात. सीटी स्कॅनमध्ये हे पुष्कळदा दिसतच नाही. वरच्या भागांनी खालच्या कचेऱ्यांवर ठेवलेला लगाम मग सुटतो. उतारावर लागलेल्या भरल्या ट्रॉलीचा ब्रेक जावा, तसं. इंजिन ठीक आहे, चाकं ठीक आहेत, ब्रेक तेवढा नाही. मग एरवी शरीराने ज्याची दखलही घेतली नसती अशी गोष्ट, घशातली नळी साफ करणं, कूस बदलणं, लघवीची पिशवी तुंबणं, पोट साफ न होणं, बिबट्यासारखी वाटायला लागते. माझा भाऊ त्या आयसीयूच्या कॉटवर दिवसातून सहा वेळा बिबट्यासमोर उभा राहत होता. आणि त्याला पळता येत नव्हतं.

मामीचा प्रश्न अगदी बरोबर होता म्हणायचा.

याला आज पॅरॉक्सिस्मल सिंपथेटिक हायपरॅक्टिव्हिटी म्हणतात. आज अशासाठी म्हटलं, की हा आजार नवा नाही. वाइल्डर पेनफिल्ड नावाच्या मोठ्या मेंदूशल्यविशारदाने १९२९ सालीच असे झटके लिहून ठेवले होते (त्याची रुग्ण अपघाताची नव्हती, मेंदूतल्या गाठीची होती). नंतर ज्याला जे सुचलं ते नाव त्याने दिलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात मोजलं, तर याच प्रकाराला एकतीस वेगवेगळी नावं सापडली! त्याच आढाव्यात असंही दिसलं, की नोंदलेल्या दहा रुग्णांपैकी आठ डोक्याला मार लागलेले होते. गंभीर मार लागून आयसीयूत आलेल्यांपैकी किती जणांना हे होतं याचे आकडे निरनिराळ्या अभ्यासांत ८ टक्क्यांपासून ३३ टक्क्यांपर्यंत आहेत. सगळ्यात कमी आकडा धरला तरी बारातला एक. म्हणजे ही काही लाखात एखादी विचित्र केस नव्हे.

आता माझी खरी तक्रार. २०१४ साली या विषयातले जगभरचे जाणकार एकत्र आले, एक नाव ठरवलं आणि ओळखण्याची एक रीत ठरवून प्रसिद्ध केली. त्यात सहा गोष्टी बघायच्या: नाडी, श्वास, वरचं बीपी, ताप, घाम, आणि अंग ताठणं. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. उदाहरणार्थ नाडी १०० च्या आत असेल तर शून्य, १४० किंवा वर गेली तर तीन. ताप ३९ सेल्सियस किंवा वर, तीन. त्याच्या जोडीला अकरा साधे प्रश्न: हे झटके एकदम येतात का, एकाच वेळी सगळं होतं का, साध्या स्पर्शाने सुरू होतं का, दुसऱ्या आजाराचे उपचार करूनही थांबत नाही का, वगैरे. प्रत्येक 'हो'ला एक गुण. सगळी बेरीज सतरा किंवा जास्त झाली तर हा आजार असण्याची दाट शक्यता.

यात कुठलं मशीन आहे, सांगा बरं? थर्मामीटर, बीपीचा पट्टा, सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि दोन डोळे. हे शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात होईल, दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात होईल, घरीसुद्धा होईल. मग कोट्यवधींच्या मशीनांनी भरलेल्या हॉस्पिटलात तीन आठवडे का झालं नाही? कारण, माझ्या मते, आपण मशीनला दिसतं त्यालाच आजार म्हणायला शिकलोय. स्कॅनमध्ये डाग नाही, रक्तात जंतू नाहीत, आलेखात फिट नाही, म्हणजे काही नाही. पेशंटच्या अंगावरून धारा वाहतायत ते मात्र 'काही' नाही.

कुणी म्हणेल, बाबा रे, आयसीयूत ताप आला तर आधी इन्फेक्शनच बघायला हवं, डॉक्टरांचं काय चुकलं? मान्य. शंभर टक्के मान्य. जंतुसंसर्ग, फुप्फुसात अडकलेली गुठळी, बंद केलेल्या औषधांचा परिणाम, हे आधी तपासलंच पाहिजे, नाहीतर माणूस जाईल. पहिल्या अँटिबायोटिकला माझी हरकत नाही. हरकत चौथ्याला आहे. पहिली तीन लागू पडली नाहीत, जंतू सापडले नाहीत, झटके रोज मोजून त्याच कामांनंतर येतायत, तरी चौथं लिहिताना थांबून 'हे दुसरंच काही असेल का?' हा प्रश्न न विचारण्याला आहे.

शेवटी तो प्रश्न विचारला एका नर्सने. रात्रपाळीची, विशीतली मुलगी, लातूरकडची. ती मामीला म्हणाली, "मावशी, एक वही आणा. कधी घाम येतो आणि त्याच्या आधी आपण काय केलं होतं, तेवढं लिहा." मामी सातवी पास. तिने दुरेघी वही आणली आणि वेळ, घाम, आणि आधी काय झालं, असे तीन रकाने आखले. भेटायच्या वेळेत ती स्वतः लिहायची, रात्रीचं ती मुलगी सांगायची. चार दिवसांत वही बोलायला लागली. नळी साफ केली, झटका. कूस बदलली, झटका. आणि एक नोंद जी वाचून मी मान खाली घातली: 'पाव्हणे आले, हलवून हाक मारली, झटका.' कारण ते पाव्हणे आम्हीच होतो. आपल्याकडे बेशुद्ध माणसाला भेटायला जाणं म्हणजे त्याचा खांदा हलवून "वळखलंस का? मी कोण?" असं कानात ओरडणं. सगळे येऊन तेच करून गेले, मीसुद्धा. प्रेमानेच.

नवीन आलेल्या एका डॉक्टरांनी ती वही उभ्याउभ्या वाचली, आणि त्याच दिवशी आजाराला नाव मिळालं. औषधं बदलली. (प्रोप्रॅनोलॉल, गॅबापेंटिन, क्लोनिडीन, मॉर्फिन असली औषधं यात वापरतात. कुठलं, किती, कधी, हे डॉक्टरच ठरवणार. कृपया हे वाचून मेडिकलमध्ये जाऊ नका.) खोलीत शांतता, कूस बदलताना सांगून आणि सावकाश, पोट साफ राहील याकडे लक्ष, नळीतून जाणारा आहार वाढवलेला, कारण या झटक्यांत शरीर इतकी ताकद जाळतं की माणूस बघता बघता वाळतो. दोनेक आठवड्यांत झटके कमी झाले, आणि मग थांबले. तोवर घरचं एक एकर गहाण पडलं होतं.

वहीवरून मला नेहमी अरुणा शानबाग आठवतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या नर्सवर २७ नोव्हेंबर १९७३ ला हल्ला झाला, गळा आवळल्याने मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. तो अपघाताचा मार नव्हता, पण मेंदूची इजा ती मेंदूची इजाच. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. इतकी वर्षं केईएमच्या नर्सांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं, आणि अंथरुणाला खिळलेल्या त्या बाईंना अंगाला जखमा होऊ दिल्या नाहीत. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल देताना या शुश्रूषेचं कौतुक केलं. त्या निकालावरून आपण इच्छामरणाची एवढी चर्चा केली, पण शब्द न बोलणाऱ्या माणसाचं शरीर वाचायचं कसं, हे त्या नर्सांकडून शिकायचं राहूनच गेलं. आपल्या आयसीयूत आजही शरीर वाचणाऱ्या माणसाचा पगार सगळ्यात कमी असतो.

असो. लग्नातल्या पाहुण्यांकडे परत येतो. भाऊ घरी आला, चालायला लागला, बोलायला लागला. डाव्या हातात थोडी कमजोरी राहिली, बाकी बघणाऱ्याला धडधाकट. एक वर्षाने पुन्हा कामावर गेला. पत्र्याच्या शेडमध्ये, उन्हाळ्यात. पहिल्याच आठवड्यात दोनदा चक्कर येऊन पडला. छातीत धडधड, ऊन अजिबात सहन होत नाही, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. ठेकेदार म्हणाला नाटकं आहेत. तपासणीत ईसीजी नॉर्मल, रक्त नॉर्मल, नवीन स्कॅन जुन्यासारखंच. "टेन्शन घेऊ नका" असं लिहून मिळालं आणि सोबत झोपेची गोळी.

पण हीसुद्धा तीच गोष्ट आहे, जरा सौम्य रूपातली. आपण उभे राहतो तेव्हा गुरुत्वाकर्षणाने रक्त पायांकडे उतरतं. स्वायत्त मज्जासंस्था त्याच क्षणी शिरा आवळते, नाडी किंचित वाढवते, आणि आपल्याला कळतही नाही. डोक्याच्या मारानंतर, कधीकधी अगदी 'किरकोळ' म्हणून सोडून दिलेल्या मारानंतरही, हे गणित बिघडू शकतं. आणि तेही साध्या साधनांनी तपासता येतं. पाच-दहा मिनिटं आडवं झोपवायचं, नाडी आणि बीपी मोजायचं. मग उभं करायचं आणि दहा मिनिटं मोजत राहायचं. वरचं बीपी २० ने किंवा खालचं १० ने पडलं तर एक प्रकारचा बिघाड. बीपी न पडता मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढली आणि तशीच राहिली, तर दुसऱ्या प्रकारचा. आमच्या भावाची वाढली ३८ ने. एका वर्षात कुणीही त्याला उभं करून मोजलं नव्हतं. सगळ्यांनी बसवून मोजलं.

जाता जाता याचीच उलटी बाजू सांगतो, कारण ती जीवघेणी आहे. अपघातानंतर माणूस उठून बसतो, चहा घेतो, "मुका मार आहे" म्हणतो. नंतर डोकं दुखतं, उलटी होते, गुंगी येते, आणि नाडी मंद लागते. लोक म्हणतात, झोपू द्या, नाडी शांत आहे. अहो, मंद होत जाणारी नाडी, चढत जाणारं बीपी आणि बिघडलेला श्वास ही कवटीत दाब वाढल्याची खूण आहे, हार्वी कुशिंगने ती १९०१ च्या सुमाराला दाखवून दिली. तोवर पुष्कळ उशीर झालेला असतो. उलटी किंवा गुंगी दिसली की थेट १०८ ला फोन करा, सकाळची वाट बघू नका.

आता टक्केवारी. भाऊ अपंगत्वाचा दाखला काढायला गेला. हाताचे टक्के मिळाले, थोडेसे. घामाचे टक्के? नाहीत. उभं राहता न येण्याचे? नाहीत. उन्हात काम न करता येण्याचे? तेही नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. त्यात पार्किन्सन आहे, मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे, आणि ते असायलाच हवेत. पण 'डोक्याला मार लागून मेंदूला झालेली इजा' असा प्रकार त्या यादीत नाही. हात गेला तर हाताच्या रकान्यात, बुद्धी गेली तर बुद्धीच्या रकान्यात, आणि कुठल्याच रकान्यात न बसणारं घेऊन आपापल्या घरी! सवलतींची मोठी दारं ४० टक्क्यांना उघडतात. तिथवर हा माणूस पोचतच नाही. नुकसानभरपाईच्या दाव्यात थोडी आशा आहे, कारण सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलं, की डॉक्टरी टक्केवारी आणि कमाईची ताकद किती गेली हे वेगळे प्रश्न आहेत. पण कमाईची ताकद गेली हे सिद्ध करायला कागद लागतो, आणि ज्याची तपासणीच झाली नाही त्याचा कागद कुठून येणार?

तसंच उपचारांचं. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राने मे २०२५ मध्ये कॅशलेस योजना लागू केली: दीड लाखापर्यंत, अपघातापासून सात दिवस. चांगलीच योजना आहे, आमच्या वेळी ती असती तर अर्धा एकर वाचला असता. पण सात दिवस? आमच्याकडे पहिला झटका आला तोच दहाव्या दिवसानंतर. ज्याने कुणी सात हा आकडा ठरवला त्याच्या डोळ्यांसमोर मोडलेलं हाड असावं, मार लागलेला मेंदू नसावा.

आणि शेवटी आपण. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन माणसं गेली, त्यात दोन लेकरं. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. बरोबरच केलं. सरकार हललं, पिंजरे आले, नेमबाज आले. मला फक्त एवढंच विचारायचंय, की पुणे-नगर रस्त्यावर आणि पुणे-सोलापूर रस्त्यावर जी पोरं डोक्याच्या माराने जातात किंवा आयुष्यभरासाठी अर्धी होऊन घरी येतात, त्यांच्यासाठी आपण कधी रस्ता अडवला? विनारिफ्लेक्टरच्या ट्रॉल्यांसाठी कारखान्याच्या गेटवर बसलो? २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातल्या ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. हेल्मेटने डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा ४२ टक्क्यांनी कमी होतो, असं अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा सांगतो. आणि आपण? २०१९ च्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटसक्ती आली तेव्हा विद्येच्या माहेरघरात त्याविरुद्ध मोर्चा निघाला. मान दुखते म्हणे. केस गळतात म्हणे.

मी काही फार मागत नाही. अपघाताचे पेशंट घेणाऱ्या प्रत्येक आयसीयूत त्या सहा गोष्टींचा तक्ता कॉटला टांगा. डोक्याला मार लागलेल्या प्रत्येकाला घरी सोडताना आणि नंतर प्रत्येक भेटीत एकदा उभं करून नाडी आणि बीपी मोजा, आणि कागदावर लिहा. दिव्यांगांच्या यादीत मेंदूच्या इजेला तिचं स्वतःचं नाव द्या. सात दिवसांचा हिशोब पुन्हा करा. ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर लावा. एका टायरच्या किमतीत पन्नास ट्रॉल्यांना पुरतील. आणि पेशंटला भेटायला गेलात तर खांदा हलवू नका. नुसतं शेजारी बसा.

भाऊ आता बरा आहे म्हणजे काय, तर सावकाश उठतो, पाणी भरपूर पितो, पायात घट्ट मोजे घालतो, डॉक्टरांनी आखून दिलेला व्यायाम नाडी मोजून करतो. सकाळी आणि संध्याकाळी, ऊन नसताना, गावातल्या एका दुकानात हिशोब लिहितो. लग्नात त्या दिवशी मोजे घातले नव्हते, कारण नव्या पँटखाली ते बरे दिसत नव्हते. एवढंच झालं होतं, पाहुणे.

मामीने वही अजून ठेवलीय. मी मागितली तर म्हणाली, "न्हेऊ नको, कुणाला तरी लागंल." मग मी तिचे मोबाईलवर फोटो काढले. कुणाला लागले तर सांगा.